घरी ख्याल रेकॉर्ड करायला ९६ किलोहर्ट्झ लागतंच का, की ४८ चालेल?

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट लावा आणि गायला बसा, खरंच पुरतं. होतं काय, की माइककडून येणारं व्होल्टेज सतत वरखाली होत असतं, इंटरफेसमधला (माइक आणि कॉम्प्युटरच्या मधल्या पेटीतला) कन्व्हर्टर ते सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो आणि दर वेळी एक आकडा लिहितो, बस. या वेगाच्या निम्म्यापर्यंतचं सगळं त्यात पकडता येतं म्हणजे जवळपास २४ किलोहर्ट्झ, आणि आपल्या कानाला २० च्या वर ऐकूच येत नाही. २४ च्या वरचं आधीच फिल्टरने कापावं लागतं नाहीतर ते भलतेच सूर बनून खाली उतरतं, पण ते काम कन्व्हर्टर स्वतःच करतो.

बिटकडे, म्हणजे तो प्रत्येक आकडा किती बारकाईने लिहिला जातो त्याकडे, जास्त लक्ष द्या. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं जेवढं अंतर पकडता येतं, त्यात एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, १६ बिटला ९६. आता मंद्रातली हळू आलापी आणि द्रुतमधली तार सप्तकातली तान, आवाजात फरक केवढा! २४ बिटवर गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) कमी ठेवला तरी बारीक आवाज हरवत नाही, म्हणून तुमची सगळ्यात जोरकस तान मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा. शून्याला टेकलं की लहरीचा शेंडाच कापला जातो आणि रेकॉर्डिंग फाटतं, मग ते नीट करणं फार अवघड.

आणि हो, आपल्या ग्वाल्हेरात मे महिन्यात कूलर बंद करून गायचं म्हणजे जिवावर येतं, माहितीये, पण तेवढं कराच, त्याची घरघर ९६ ला पण तेवढीच येणार.