मुलगा रेकॉर्डीसारखा हुबेहूब गातो, मैफिली करू द्याव्यात का?

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी दोनतीनदा ऐकून तो ताना-मुरक्यांसह जशाच्या तशा गातो. कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली आहेत. त्याला गायकच व्हायचंय. आतापासून मैफिली करू द्याव्यात का?
– एक आई

उत्तर : ताई, पत्र वाचताना थोर गायक कुमार गंधर्व आठवले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली असाच रेकॉर्डींवरून गायचा. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्याला लहानपणीच मिळालं आणि दहा-अकराव्या वर्षी तो मैफिली गाजवत होता. मला मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. एवढं नाव झालेला मुलगा मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला, कितीतरी वर्षं.

मीही आठव्या वर्षापासून स्टेजवर गायले. तोच यमन राग, तीच चीज म्हणजे बंदिश, त्याच ताना. एकदा तबलजींनी लय जरा उतरती ठेवली आणि माझी पाठ केलेली तान समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, कितीतरी आधी संपली. मी गप्प उभी. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच मला जास्त रडू आलं. गुरुजींनी नंतर महिनाभर तान घेऊच दिली नाही. फक्त नि रे ग, एकेका सुरावर श्वास पुरेल तितकं थांबायचं. माझं गाणं तिथून सुरू झालं.

वर्षातून दोनतीन मैफिली करू द्या, जास्त नकोत. बिदागी त्याच्या नावे ठेवा, घरखर्चात धरू नका. आणि दोनेक वर्षांत त्याचा आवाज फुटेल, त्याची तयारी आतापासूनच करा. त्या दिवसांत वरच्या पट्टीचा हट्ट अजिबात नको. तेव्हा तंबोरा लावायला, ठेका धरायला शिकू दे, भरपूर ऐकू दे. कुमारजी तर ऐन उमेदीत क्षयानं माळव्यातल्या देवासला पडून होते, काही वर्षं गाणंच बंद. त्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली आणि बरे होऊन गायला बसले तेव्हा ती त्यांच्या गाण्यात उतरली होती.

आज संध्याकाळी एक करा. त्याच्या आवडत्या चिजेची नुसती स्थायी, म्हणजे पहिला भाग, पट्टी बदलून, लय उतरवून, तानेशिवाय म्हणायला सांगा. सम त्याची त्याला सापडते का, ते मला कळवा.