जार लिबमध्ये आहे, तरी 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' येतं. जारचा क्रम कसा बदलायचा?

क्रम बदलता येतो, पण बदलू नका. जुना जार (जावाच्या क्लासचा गठ्ठा असलेली फाइल) उडवा.

तुम्ही लिहिलंय की इक्लिप्समध्ये (कोड लिहायचं ॲप) एररची एकही लाल फुली नाही, पण अँटने (बिल्ड करणारं टूल) बिल्ड केलं की रिस्पॉन्सवरच्या गेटस्टेटस मेथडला 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' येतं, आणि मित्राने 'जार वर सरकव' असं सुचवलंय. गेटस्टेटस सर्व्हलेट (वेब-विनंत्या हाताळायचं जावाचं एपीआय) ३.० मध्ये आली. म्हणजे तुमच्या लिब फोल्डरमध्ये २.५ चा जारही पडलेला आहे आणि कंपायलरला तो आधी दिसतोय. जावासीला (जावाचा कंपायलर) क्लासपाथमध्ये, म्हणजे क्लास शोधायच्या जागांच्या यादीत, त्या नावाचा क्लास जिथे पहिल्यांदा सापडतो, तिथे त्याचा शोध संपतो. पुढच्या जारमध्ये त्याच क्लासची नवी आवृत्ती आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. इक्लिप्समध्ये चालतंय कारण तिथे बहुधा टॉमकॅटची (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) लायब्ररी 'ऑर्डर अँड एक्स्पोर्ट'मध्ये वर बसली आहे.

आता या 'वर सरकव' प्रकाराबद्दल. हिंजवडीतल्या एका कंपनीत असताना आमच्याकडे हुबेहूब हाच एरर आला होता. आमच्या लीडनी काय करावं? नव्या जारच्या नावापुढे 'एए' लावलं, म्हणजे लिब फोल्डरमध्ये तो सगळ्यात वर येईल. आणि चाललं की! सगळ्यांची मशीन विंडोजची, तिथली फाइल सिस्टिम एनटीएफएस फोल्डरमधली नावं वर्णानुक्रमानेच देतो. मी म्हटलं, सर, २.५ चा जार कोणालाच लागत नाहीये, डिलीट करू. उत्तर आलं, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." पुढे दुसऱ्या एका लायब्ररीचा असाच घोळ झाला, तेव्हा त्या जारला 'एएए' लागलं. कोड रिव्ह्यूत कोणी चकार शब्द काढला नाही.

मग क्लायंटच्या बिल्ड मशीनवर कोड गेला. तिथे लिनक्स. तिथली फाइल सिस्टिम ईएक्सटी४ फोल्डरमधली नावं हॅशच्या क्रमाने देतो, तुमच्या 'एए'ला तो विचारत नाही. अँटच्या फाइलसेटमध्ये (फाइलींची यादी) तारा (*) टाकून सगळे जार उचलले तर क्रमाची हमी अँट देत नाही. जावाच्या स्वतःच्या 'लिब, स्लॅश, तारा' प्रकारातही जारचा क्रम ठरलेला नाही, मशीनगणिक बदलू शकतो, हे ओरॅकलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ते वाचतंय कोण!

बिल्ड फुटलं, रिलीजच्या संध्याकाळी. कॉलवर वीसेक माणसं, आणि प्रत्येकाचं एकच पालुपद, 'आमच्याकडे चालतंय'. मी अँटच्या जावासी टास्कला व्हर्बोस (सविस्तर आउटपुटचा पर्याय) लावलं आणि आउटपुटमध्ये एचटीटीपीसर्व्हलेटरिस्पॉन्स (गेटस्टेटस ज्यात आहे तो इंटरफेस) शोधलं. 'लोडिंग'ने सुरू होणारी ओळ सापडली, तिच्यात जारचा अख्खा पाथ: सर्व्हलेट-एपीआय-२.५. कॉलवर मोठ्याने वाचून दाखवली. त्यावर लीड काय म्हणाले असतील? "हा लिनक्सचा प्रॉब्लेम आहे." जुना जार त्या रात्रीच डिलीट झाला, पण मेलमध्ये कारण गेलं 'एन्व्हायर्नमेंट इश्यू'. माझ्या अप्रेझलमध्ये त्या ओळीचा उल्लेख नव्हता हे सांगायला नकोच.

तर तुम्ही आधी व्हर्बोस लावून ती ओळ बघा. अंदाजाने जार हलवत बसू नका. जार काढल्यावर क्लीन करून बिल्ड करा, कारण अँट बदललेल्या सोर्स फाइलीच पुन्हा कंपाइल करतो, लिबमध्ये काय बदललं ते त्याला कळत नाही.

मेव्हन (लायब्ऱ्या आपोआप आणणारं बिल्ड टूल) वापरलं की हे होत नाही, असं म्हणणारेही भेटतील. होतं. २.५ ची आर्टिफॅक्ट आयडी, म्हणजे मेव्हनमधलं लायब्ररीचं नाव, 'सर्व्हलेट-एपीआय' होती, ३.० पासून ती 'जावाएक्स.सर्व्हलेट-एपीआय' झाली. मेव्हनच्या लेखी त्या दोन वेगळ्या लायब्ऱ्या, त्यामुळे तो दोन्ही ठेवतो. डिपेन्डन्सी ट्री काढा, जुना जार कोण ओढून आणतंय ते बघा आणि तिथे एक्स्क्लूजन टाका. पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाइल) नवी डिपेन्डन्सी वर घेतल्यानेही एरर जातो, कारण मेव्हन २.०.९ पासून क्लासपाथ पॉममधल्या क्रमाने लागतो. पण मग एखादा टापटिपीचा शौकीन सहकारी पॉम वर्णानुक्रमाने लावतो आणि एरर परत हजर. सर्व्हलेटचा जार 'प्रोव्हायडेड' स्कोपमध्येच ठेवा, म्हणजे तो सर्व्हर देईल, ॲपसोबत जाणार नाही. वॉरमध्ये (वेब ॲपची पॅकेज फाइल) गेला तरी टॉमकॅट त्यातले सर्व्हलेटचे क्लास घेत नाही, स्वतःचेच वापरतो; जुने टॉमकॅट तर 'जार नॉट लोडेड' अशी ओळ लॉगमध्ये टाकून पुढे जायचे.

कधीकधी जार काढता येत नाही, हे मान्य. जुन्या मॉकिटो-ऑल या टेस्टिंग लायब्ररीच्या पोटातच हॅमक्रेस्ट या दुसऱ्या लायब्ररीचे १.१ चे क्लास होते, ते कसे काढणार? तिथे मॉकिटो-कोअर घ्यायचा, भानगड मिटते. एखाद्या व्हेंडरचा जार असाच भरलेला असेल आणि सुटी आवृत्ती मिळतच नसेल, तरच क्रम लावा. तोही तारा न वापरता, अँटमध्ये प्रत्येक जारचा पाथएलिमेंट (क्लासपाथमधली नोंद) नावानिशी लिहून, वर कॉमेंट टाकून. फाइलचं नाव बदलून नाही. आणि टॉमकॅट १० किंवा पुढचा वापरत असाल तर यातलं बरंच सोडून द्या. तिथे पॅकेजच जावाएक्सचं जकार्ता झालंय, इम्पोर्ट बदलावे लागतील.