रत्नागिरीत भूशास्त्रात एमएस्सी केलंय. जमिनीखाली ऊर्जा साठवण्यावर पीएचडीसाठी कोकणातला खडक चालेल का?

चालेल, पण जांभ्याचा नाद सोडा. तो सच्छिद्र आणि वरवरचा, अभ्यास करायचा तो त्याखालच्या बसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा. जर्मनीत हुंटॉर्फला १९७८ पासून मिठाच्या थरात केलेल्या पोकळ्यांत दाबाखाली हवा भरून वीज साठवतात. मीठ वायू गळू देत नाही. बसाल्टचा एकसंध थरही बऱ्यापैकी धरतो, पण दोन लाव्हाथरांमधला सच्छिद्र पट्टा आणि उभ्या भेगा घात करतात, म्हणून त्यात खोदलेल्या गुहेला आतून अस्तर लागतं. किती जाड, कशाचं, हाच पीएचडीचा विषय होऊ शकतो. खोदकामाची धास्ती नको, चिपळूणजवळ पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटातच आहे. कर्नाटकात मंगळूर आणि पादूरला खडकातल्या गुहांत कच्चं तेल साठवतात खरं, पण तिथला खडक वेगळा, आणि ऊर्जेसाठी हवेऐवजी हायड्रोजन साठवायचा म्हटलं तर तो गळायला तेलापेक्षा फार चपळ. ती तुलना ताणू नका.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे आधीचे विद्यार्थी कुठल्या शाखांतून आले ते विचारा. मेकॅनिकल, रसायन, भूशास्त्र अशी सरमिसळ हवी; नाहीतर अस्तराचं गणित तुम्हाला एकट्यालाच सोडवावं लागेल. एक मात्र लक्षात ठेवा: कोयनेचा १९६७ चा भूकंप. जागा सुचवताना पहिला प्रश्न त्यावरच येईल.