इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावाच्या काठची जमीन आणि नाला पुन्हा जिवंत करायचा, तर गाव आणि शेतमालकांना बरोबर घेऊन आराखडा कसा करावा?

नमस्कार. हातोदच्या बाजूला तुमची वडिलोपार्जित जमीन आहे, तुम्ही राहता इंदुरात आणि शेत बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, दिलंय. कडेचा नाला आणि तलावाचा काठ पुन्हा जिवंत व्हावा, पण शेजारच्या शेतमालकांना त्यात कसं आणावं, असं तुम्ही विचारलंय. याच पट्ट्यात शेतकऱ्यांसोबत मी हे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, शेत कसणाऱ्याला मालकाच्या बरोबरीने बैठकीत बसवा. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांची जमीन तुमच्यासारखीच आहे. खसऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) नाव काकांचं किंवा चार चुलतभावांचं असतं. पण नांगर काठापर्यंत किती न्यायचा आणि नाल्यात मोटर कुठे टाकायची, हे बटाईदार ठरवतो. मालकांच्या सह्या घेऊन केलेला आराखडा पुढच्या हंगामात बटाईदार बदलला की नांगराखाली जातो. म्हणून काठाचा पट्टा बटाईच्या हिशेबातून वेगळा काढा, निदान तीन वर्षांची बोली करा आणि त्या पट्ट्याचं उत्पन्न बुडेल ते मालकाने सोसावं. हे ज्याला जमत नाही त्याने इतरांना जमीन सोडायला सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आराखडा पटवाऱ्याकडच्या (तलाठ्याकडच्या) खसरा नकाशावरच करा, कारण शेतकरी आपली जमीन त्यावर ओळखतो. तो घेऊन सगळ्यांनी मिळून नाल्याच्या काठाने चालायचं. एकदा पेरणीआधी, एकदा सोयाबीन निघाल्यावर आणि जमल्यास थंडीत पाहुणे पक्षी असताना. पूर्वी पाणी कुठवर चढायचं, चरनोई (गुरांचं गायरान) कुठून कुठवर होती, नाल्यातला कोणता डोह मे महिन्यातही आटत नसे, हे गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. बायकांना आणि गुरं राखणाऱ्या पोरांना वेगळं विचारा, त्यांना मालकांपेक्षा जास्त माहीत असतं.

इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण कायद्याने देशाचे ४८ भाग करून प्रत्येक भागाला असा स्थानिक आराखडा करायला लावलाय. त्यांच्या नकाशावर आज जे मोलाचं आहे ते वेगळं दाखवतात आणि पुढे जे मोलाचं होऊ शकेल ते वेगळं. दुसऱ्या प्रकारात जमीन आली म्हणून मालकावर सक्ती येत नाही. ही पद्धत घेण्यासारखी आहे. खसऱ्यावर दोन रंग भरा आणि दुसरा रंग ज्याची जमीन त्याच्याच हाताने भरवा.

आता झाडं. बैठक झाली की सगळ्यांना वृक्षारोपण करायचं असतं. तलावाच्या ओल्या, गवताळ काठावर कृपा करून झाडं लावू नका. सारस क्रौंच पक्ष्याला चहूबाजूंनी मोकळं दिसणारं उथळ पाणी आणि गवत लागतं. झाडाची जागा बांधावर, आणि तिथे शेतकऱ्याची तक्रार सावलीची असते, ती खरी असते. रब्बीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. म्हणून ज्या शेताच्या उत्तरेला नाला किंवा गाडीवाट आहे, त्याच्या उत्तर बांधावर पळस, करंज, जांभूळ लावा. गव्हावर सावली येत नाही आणि शेजाऱ्याशी भांडणही होत नाही. बेशरम हे काठावर माजणारं झुडूप काढायचं तर पावसाआधी मुळासकट. तोडलेल्या कांड्या काठावर पडून राहिल्या तर पहिल्याच पावसात पुन्हा रुजतात.

शेतकऱ्याच्या मनात एक भीती असते: पक्षी नोंदवले की सरकार जमीन घेईल. यशवंत सागर आणि सिरपूर २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले, २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहराचा दर्जा मिळाला, तशी ही कुजबुज वाढलीच. लपवू नका, नियम वाचून दाखवा. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत भराव, अतिक्रमण, कचरा, न शुद्ध केलेलं सांडपाणी यांना मनाई आहे, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. फार्महाऊस बांधू पाहणाऱ्याला हे टोचणार, ते त्याला आजच कळू द्या.

नुसत्या उपदेशाने गाव हलत नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा नगररचना अहवाल लिहिला, तो १९१८ चा. प्लेग हटवायला त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि ती सर्वांत स्वच्छ वस्त्यांमधून जाईल असं आधीच जाहीर केलं. लोकांनी आपापली घरं आणि गल्ल्या झाडून काढल्या. तुमच्या गावातही मान आणि फायदा दिसला पाहिजे. उदाहरणार्थ, सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात घरटं करतो, बहुधा दोन अंडी, आणि ती उबायला महिनाभर लागतो. ज्याच्या शेतात घरटं, त्याची तेवढी जागा न छेडता ठेवायची, बुडालेल्या पिकाचे पैसे गावनिधीतून द्यायचे आणि ग्रामसभेत त्याचा सत्कार करायचा. सगळे मालक मिळून थोडी थोडी रक्कम घालू शकतात.

जैवविविधता कायद्याप्रमाणे (२००२) प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडलेली असते, मागून घ्या. तुमचे दोन रंग, बांधावरची झाडं, घरट्याची बोली, सगळं खसरा क्रमांकासकट त्यात नोंदवा आणि ग्रामसभेचा ठराव करून घ्या, म्हणजे सरपंच बदलला तरी कागद राहतो. पहिली बैठक गहू निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये ठेवा. पेरणीची गडबड सुरू झाली की कोणी बसायला येणार नाही.