रणगाड्याचं रेझिन किट पहिल्यांदाच करतोय. प्लास्टिकच्या किटपेक्षा काय वेगळं करावं लागतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की प्लास्टिकची चार किट्स झाली आहेत, आता 1/72 मापातला (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) विजयंता हा भारतीय रणगाडा रेझिनमध्ये मिळतोय, पण विकणाराच 'नवशिक्यांनी घेऊ नका' म्हणतोय, म्हणून पाय मागे येतोय.

घ्या. चार किट्स झालेला माणूस नवशिका नसतो. फक्त प्लास्टिकच्या किटची घाई इथे चालत नाही. तिथे डबा उघडला, तुकडे चौकटीतून कापले की संध्याकाळपर्यंत रणगाडा चाकांवर उभा राहतो. रेझिनमध्ये मला निम्म्याहून जास्त वेळ तुकडे जोडण्यालायक करण्यातच जातो. डिंकाची बाटली उघडेपर्यंत आठवडा होतो. हे आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही.

माझंही पहिलं रेझिन किट विजयंताच होतं, म्हणून एवढं लिहायला बसलो. मी मूळ नगरचा. (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून लागायची आहे.) के. के. रेंजकडे, म्हणजे लष्कराच्या सरावाच्या मैदानाकडे, ट्रेलरवरून जाणारे रणगाडे बघत मोठा झालो, त्यामुळे जर्मन टायगरपेक्षा विजयंताचं वेड जास्त. अडचण अशी की या वेडाला बाजारात फारसं गिऱ्हाईक नाही, आणि रेझिन किट जन्माला येतं ते नेमकं यामुळेच. प्लास्टिकच्या किटला पोलादी साचे लागतात. ते करायला एवढा पैसा जातो की हजारो डबे खपल्याशिवाय वसूल होत नाही. टायगर, शर्मन खपतात. मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हिकर्सचा, 1965पासून चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात बनलेला आणि 1971च्या युद्धात लढलेला विजयंता कोण घेणार? आपल्यासारखे मूठभर. मग कुणीतरी हौशी माणूस एक मूळ नमुना हाताने घडवतो, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा काढतो आणि दोन द्रव मिसळून पॉलियुरेथेन रेझिन ओततो.

पेणला गणपतीचा कारखाना पाहिला असेल तर हे सगळं ओळखीचं वाटेल. तसाच रबरी साचा, तशीच दोन भागांच्या सांध्यावर उठलेली रेघ, आणि साचा जुना झाला की बाप्पाच्या दागिन्यांची कोरीव कड बोथट होते तसं इथे रिव्हेटचं होतं. सिलिकॉनचा साचा काही डझन ओतकामांतच थकतो. त्यामुळे एकाच किटचे दोन डबे अगदी सारखे निघतील असं नाही. डबा आला की पहिलं काम: यादीप्रमाणे सगळे तुकडे मोजा आणि तुटलेलं, अर्धवट भरलेलं काही असेल तर करवत लावायच्या आधीच विकणाऱ्याला कळवा. कापलेला तुकडा कोण बदलून देणार?

शक्य असेल तर विकत घ्यायच्या आधी आणखी एक विचारून ठेवा: हे ओतलेलं रेझिन आहे की प्रिंटरवर छापलेलं? हल्ली दोन्हीला 'रेझिन किट'च म्हणतात. छापलेल्याला ओतकामाचा जाड ठोकळा नसतो, आधाराच्या बारीक काड्यांचं जंगल असतं; अंगावर थरांच्या रेघा असू शकतात, आणि पृष्ठभाग चिकट लागत असेल तर ते नीट पिकलेलं नाही. तसं असेल तर हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं आणि उन्हात ठेवायचं. पुढचं सगळं मी ओतलेल्या रेझिनबद्दल लिहितोय.

आता धुणं. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून साच्याला तेलकट द्रव मारतात. तो तुकड्यावर राहिला तर रंग धरत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हे लगेच कळत नाही. महिन्याभराने मास्किंग टेप ओढता आणि टेपसोबत हिरव्या रंगाची सालच निघून येते. भांडी घासायचा लिक्विड साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश, आणि सिंकच्या तोंडावर चाळण. माझ्या विजयंताचं एक चाक मोरीत गेलंय. चाळण घरातली उचलू नका, स्वतःची वेगळी आणा. आमच्याकडे पुरणाच्या चाळणीवरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ठोकळे. रेझिन जिथून ओततात तिथे प्रत्येक तुकड्याला एक जाड ठोकळा चिकटलेला राहतो. तो प्लास्टिकच्या चौकटीसारखा कटरने कापायला जाऊ नका. रेझिन ठिसूळ असतं, कटरचा दाब तुकड्यात उतरतो आणि कोपरा उडतो. मी सोनाराची करवत वापरतो. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत हिंडलात तर बारीक करवती, कानशी, अर्ध्या मिलिमीटरची ड्रिल असं सगळं 'हॉबी'चं लेबल न लावता मिळतं, आणि त्यामुळे स्वस्त मिळतं. तुकडा आणि ठोकळा जिथे भेटतात त्या रेघेला अगदी चिकटून कापू नका, मिलिमीटरभर सोडा. उरलेलं काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर ओला करून त्यावर घासा. ओलाच हवा. रेझिनची धूळ पिठासारखी बारीक असते, हवेत तरंगत राहते आणि छातीला वाईट. मास्क लावा, पंखा बंद ठेवा, आणि हे काम स्वयंपाकघरात तर मुळीच नको.

इथे माझी फजिती सांगतो. रेझिन किटचा माहितीकागद म्हणजे बहुतेक वेळा चार धूसर फोटो. माझ्या किटमध्ये बुर्जाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, बाजूला एक चौकोनी उंचवटा होता. ठोकळ्याचाच अवशेष असणार असं धरून मी तो कापला, घासून गुळगुळीत केला, स्वतःवर खूश झालो. पुढे दिवाळीत नगरला गेलो तेव्हा रणगाडा संग्रहालयात खरा विजयंता पाहिला. तो उंचवटा म्हणजे धुराचे गोळे सोडणारी नळकांडी बसवायची जागा होती. प्लास्टिकच्या पत्र्यातून ती नव्याने बनवली, दुसऱ्या बाजूशी आजही जुळत नाही.

हे संग्रहालय म्हणजे आपल्याकडच्या हौशी मंडळींचं पंढरपूर. 1994मध्ये सुरू झालं, लष्कराच्या चिलखती दलाचं आहे, आणि मोकळ्या आवारात सेंच्युरियन, पॅटन, विजयंता अशी रांगच लागलेली आहे. रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावरची चिलखती गाडीसुद्धा आहे. फोटोंचे नियम आत शिरतानाच विचारून घ्या. फोटो मिळाले नाहीत तर वही-पेन्सिल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: आकार तिथून घ्या, रंग नको. संग्रहालयातले आणि चौकाचौकांत उभे केलेले रणगाडे दर काही वर्षांनी चकचकीत ऑइलपेंटने रंगवतात. तो हिरवा रंग युद्धातला नसतो, 26 जानेवारीच्या आदल्या आठवड्यातला असतो.

माप तपासायलाही खऱ्या रणगाड्याचे आकडे कामी येतात. विजयंताची रुंदी सुमारे 3.17 मीटर, म्हणजे 1/72 मध्ये 44 मिलिमीटर. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं. चांगला कारागीर मूळ नमुना करतानाच तेवढं धरून चालतो. पण कुणी दुसऱ्याच्या किटवरून चोरून साचा काढला असेल तर नक्कल पुन्हा आकसते आणि बारकावे आणखी बोथट होतात. फार स्वस्त, बनवणाऱ्याचं नाव नाही, बुडबुडेच बुडबुडे, असं किट दिसलं तर लांब राहा. मुळात हा धंदा एकेकट्या माणसांचा आहे. नक्कल घेतली की त्या माणसाचं पुढचं किट येत नाही.

वाकलेल्या तुकड्यांना घाबरू नका, ते तर सगळ्यात सोपं. हलचा, म्हणजे रणगाड्याच्या धडाचा, खालचा भाग काचेवर ठेवून बघा. पाट डुगडुगतो तसा डुगडुगला तर तो पिळलेला आहे. गीझरचं कढत पाणी पातेल्यात घ्या, उकळतं नको. तुकडा अर्धा मिनिट बुडवा, चिमट्याने बाहेर काढा, काचेवर दाबून सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात घाला. एका खेपेत जमलं नाही तर पुन्हा. पण हाच गुण पुढे दोष होतो. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत मॉडेल ठेवलं तर तोफेची नळी हत्तीच्या सोंडेसारखी खाली येते. म्हणून किटमधली रेझिनची नळी मी वापरतच नाही. पितळेची नळी घेतो. विजयंताची तोफ 105 मिलिमीटरची, म्हणजे 1/72 मध्ये तोंडाचं भोक दीड मिलिमीटरला थोडं कमी. मशीनगनला इंजेक्शनची सुई. सुई नवीन घ्या, केमिस्ट विचारेल तर खरं कारण सांगा. तो हसतो आणि देतो.

बुडबुडे दोन प्रकारचे. उघडे दिसतात ते सज्जन. पातळ पापुद्र्याखाली लपलेले असतात ते नेमके रंगवताना फुटतात, म्हणून कडांवरून, रिव्हेटांच्या ओळीवरून सुईचं टोक हलकं दाबत जा. लहान भोकात फेविक्विकचा थेंब आणि वर चिमूटभर टाल्कम पावडर. हे तासाभरात घासून घ्या, कारण एकदा पक्कं झालं की ते रेझिनपेक्षा कडक होतं आणि घासताना आजूबाजूचंच झिजून खड्डा पडतो. मोठ्या खड्ड्याला एम-सील. कोपराच उडाला असेल तर तोही एम-सीलनेच बांधा, दुसऱ्या दिवशी कानशीने धार काढा. सांध्यांच्या रेघांना गाड्यांच्या रंगाऱ्याकडची लांबी छान बसते, फक्त पातळ थर द्या.

आणि हो, डिंक. प्लास्टिकसाठीचा पातळ सिमेंट इथे पाण्याइतकाच उपयोगी. तो पॉलिस्टायरीन विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, आणि पॉलियुरेथेनवर त्याचं काही चालत नाही. लहान तुकड्यांना फेविक्विक, जड सांध्यांना अराल्डाइट. फेविक्विक ओढला तर घट्ट राहतो, पण आडवा फटका बसला की टक्कन सुटतो. म्हणून बुर्जावरचं झाकण, हुक, लटकणारी कुठलीही गोष्ट यांच्या पोटात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून तांब्याच्या तारेची खुंटी घालतो. दोन्ही पृष्ठभाग आधी थोडे खरखरीत करून घ्या. सांडलेला फेविक्विक सुती फडक्याने किंवा कापसाने पुसायला जाऊ नका. कापसात तो एकदम तापतो, बोट भाजतं. उघडलेली बाटली हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये. पावसाळ्यात बाहेर राहिली तर आठवड्यात दगड.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मात्र टाळायचा नाही. गाड्यांच्या दुकानातला करडा स्प्रे चालतो, आधी एखाद्या निरुपयोगी ठोकळ्यावर मारून बघा. ते कापलेले ठोकळे यासाठीच ठेवायचे असतात. प्रायमर वाळला की न दिसलेली पंधरा-वीस भोकं तोंड वर काढतील. माझी तीन वेळा निघाली. प्रत्येक वेळी भरा, घासा, पुन्हा मारा.

1/72चंच किट मिळतंय हे तुमच्या पथ्यावर पडलंय. या मापात बरेचदा हल अखंड येतो, चाकं आणि पट्टा एका तुकड्यात. 1/35मध्ये पट्ट्याची कडी न् कडी सुटी असू शकते, आणि भरीव हलच्या वजनाने चाकांचे दांडे हळूहळू बसतात. मी तिथे अजून पूर्ण रेझिनला हात घातलेला नाही. सध्या टेबलावर 1/35चा प्लास्टिकचा सेंच्युरियन आहे, त्यावर सामानाची गाठोडी तेवढी रेझिनची. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971ला बसंतरच्या लढाईत ज्या रणगाड्यात लढले तो 'फमागुस्ता' करायचा आहे. पूना हॉर्स या रेजिमेंटचा तो सेंच्युरियन नगरलाच जपून ठेवलाय. प्लास्टिक आणि रेझिन एकाच मॉडेलवर आले की कुठे सिमेंट लावायचं आणि कुठे फेविक्विक, यात आत्तापर्यंत दोनदा चुकलोय.

तुमचा डबा आला की सगळे तुकडे ठोकळ्यांसकट पांढऱ्या कागदावर मांडून फोटो इथेच टाका. बुर्जाच्या बाजूचा तो उंचवटा मी फोटोवर त्याच्याभोवती गोल काढून दाखवतो. तोवर करवत लावू नका.