वाचकांचे प्रश्न : तिथीची पाऊणपट आणि सावित्रीची वाट

प्रश्न : गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वरला गेलो. मंदिरामागच्या प्रदक्षिणामार्गाच्या पायऱ्यांशी दुपारी बाराच्या सुमारास पोहोचलो, तेव्हा खालची सगळी वाट पाण्याखाली होती आणि तेथील लोकांनी आम्हांला परत फिरवले. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचे असल्यामुळे प्रदक्षिणा राहून गेली. या हिवाळ्यात पुन्हा जायचे आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि नववीतली मुलगी असेल. भूगोलात शिकलेला सागरी कडा आणि तरंगघर्षित मंच तिला प्रत्यक्ष पाहायचा आहे. दिवस कसा निवडावा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण गेलात तो दिवस पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे असणार, हे आपल्या पत्रातील वेळेवरूनच कळते. हरिहरेश्वरचा बेत सुट्ट्या पाहून आखला, की पुष्कळांच्या वाट्याला हेच येते. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहून आखावा लागतो.

किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा हिशेब वापरत आली आहेत : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी ३ वाजता भरती. तिच्या सुमारे सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेनऊला पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, म्हणूनच त्या सुमारास दुपारी बाराला आपल्याला वाटेवर पाणी दिसले. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, एवढेच या हिशेबाचे मर्म आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी मंदिराजवळच्या एखाद्या दुकानदाराला किंवा आपण उतराल त्या घरी नेमकी वेळ विचारून घ्यावी.

दिवस निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त मागे हटते. परंतु ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि हिवाळ्यात त्या वेळी पुरेसा उजेड नसतो. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी सोयीची येते खरी, पण तेव्हा भांगाचे पाणी असते, ते फारसे मागे सरत नाही. म्हणून माझ्या मते तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम. ओहोटी सकाळी ८ ते साडेनऊच्या दरम्यान येते, पाणी चांगले खाली गेलेले असते आणि ऊनही सोसवते. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पायऱ्या उतराव्यात आणि पाणी फिरण्याच्या आत वर यावे. पावसाळ्यात मात्र तिथी कोणतीही असो, त्या वाटेला जाऊ नये. तेथे माणसे लाटेबरोबर वाहून गेलेली आहेत.

आता मुलीसाठी. दोन उंच खडकांच्या फटीतून पायऱ्या उतरून आपण खाली पोहोचलो, की पायाखाली जो सपाट, खाचखळग्यांचा काळा कातळ पसरलेला दिसतो, तोच तरंगघर्षित मंच, आणि पाठीशी उभा असतो तो सागरी कडा. दोन्ही एकाच कामाची फळे आहेत. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, वरचा भाग आधार सुटून कोसळतो, कडा मागे सरकतो आणि त्याचा तळ मंचाच्या रूपाने मागे उरतो. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचा बेसाल्ट. पर्वती आणि सिंहगड ज्या दगडाचे, त्याच दगडाचे हे समुद्राला भिडलेले टोक, असे तिला सांगावे.

कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, तिथे थांबून तिला एका खळग्यात बोट घालून पाहू द्यावे. बोटाला खरखरीत कण लागतील. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक वाढताना दगडाचे कण आतून सुटे करतात. खळगा एकदा पडला, की त्यात ओल आणि मीठ अधिक साठते, म्हणून तो आणखी खोल होत जातो आणि मधल्या भिंती तेवढ्या उरतात. पुस्तकातील दहा चित्रांपेक्षा ते एक बोट अधिक शिकवून जाईल.

खाली असताना दोन खुणांकडे लक्ष ठेवावे. कड्यावर शेवाळाचा ओला, गडद पट्टा कुठपर्यंत चढला आहे ते पाहावे. पाणी तिथपर्यंत येणार आहे. दुसरी खूण मला एका सकाळी तिथेच मिळाली. कालवे काढणाऱ्या दोन बायका कोयत्याच्या टोकाने खडकावरची शिंपले फोडीत बसल्या होत्या. समुद्र मला अगदी शांत दिसत होता, तरीही त्या एकाएकी उठल्या, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि जाता जाता मला म्हणाल्या, “दादा, चला आता.” वीस मिनिटांनी वरून पाहिले, तर मी बसलो होतो त्या दगडावरून पाणी वाहत होते.

सासू-सासऱ्यांना त्या पायऱ्या उतरवू नयेत. त्यांनी मंदिरात दर्शन घेऊन निवांत बसावे. पेशव्यांचे कुलदैवत असलेले हे देऊळ सावकाश पाहण्याजोगे आहे. त्यांच्यासाठी समुद्राचे खरे दर्शन दिवेआगर ते श्रीवर्धन या आरवी-शेखाडीच्या रस्त्यावर ठेवावे, कारण तिथे डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जवळजवळ रस्त्यापुरतीच जागा आहे आणि गाडीत बसूनही सारे दिसते.

प्रश्न : महाबळेश्वरहून समुद्र दिसतो, असे माझे वडील सांगत असत. आम्ही तीनदा जाऊन आलो, पण दिसला नाही. हे खरे आहे काय?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे खरे आहे. सुमारे १,३०० मीटर उंचीवरून क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या पुढे असते आणि महाबळेश्वरपासून किनारा सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. आड येते ते कोकणावरचे धूसर. पाऊस नुकताच ओसरला आहे, हवा धुऊन निघाली आहे आणि वारा वाहतो आहे, अशा दिवशी सूर्य मावळायच्या थोडे आधी मुंबई पॉइंटवर उभे राहावे. समुद्र निळा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. शेवटच्या डोंगररांगेपलीकडे पितळेच्या तारेसारखी एक चमकती रेघ दिसते, तोच समुद्र. मे महिन्यात बहुधा निराशाच पदरी येते.

आपण चौथ्यांदा जाणारच असाल, तर या वेळी महाबळेश्वरवरून मागे न फिरता खाली उतरावे, अशी मनापासून सूचना करतो. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकी सावित्री पश्चिमेकडे जाते. सकाळी लवकर आर्थर सीटला जावे. कड्याखाली जे खोल, हिरवे खोरे दिसते ते तिचेच. मग आंबेनळी घाटाने पोलादपूर, तिथून महाड, अशी तिची सोबत करीत म्हसळ्यामार्गे हरिहरेश्वर गाठावे. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून गाडीसह जंगल जेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडून वेश्वीला उतरावे आणि बाणकोटचा किल्ला चढावा. गाडी जवळपर्यंत जाते. जांभ्या दगडाच्या त्या तटावरून समोर हरिहरेश्वरचे डोंगर आणि मधून समुद्राला मिळणारी सावित्री दिसते. आदल्या सकाळी जिचे खोरे कड्यावरून पाहिले, तिचेच हे रुंद, गढूळ मुख आहे, हे ध्यानात आले म्हणजे तटावरून पाय लवकर निघत नाही.

प्रश्न : हेदवीची बामणघळ पाहायला गेलो, पण पाण्याचा फवारा काही उडाला नाही. वेळ चुकली का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : होय, आपण ओहोटीला गेला असणार. हरिहरेश्वरला ओहोटी हवी, तर बामणघळीला भरती हवी. कातळातील त्या अरुंद चिरेत भरतीची लाट घुसली, की पुढे जागा नसल्यामुळे पाणी उसळून वर येते. पाऊणपटीने येणाऱ्या वेळेच्या अर्धा तास आधी तिथे असावे आणि दगड जिथपर्यंत ओला दिसतो, त्याच्या बऱ्याच मागे उभे राहावे.