ब्रिक्सची रेघ, प्रकाशाची चिप आणि मुलीचे पुढचे शिक्षण

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. प्लॅस्टिकचा ऑप्टिकल फायबर इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून, त्याचे वरचे आवरण सोलून, तो द्राक्षरसात बुडवून साखर मोजण्याचा प्रकल्प तिने महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मांडला होता. तेव्हापासून तिला ‘इंटिग्रेटेड फोटोनिक्स’मध्ये, म्हणजे चिपवर प्रकाश खेळवण्याच्या शास्त्रात, एम.टेक. करायचे आहे, तर नातेवाईक सॉफ्टवेअरचा आग्रह धरतात. पालक विचारतात: “या विषयातले शोध परदेशात कधीच लागून गेले असतील, मग हिच्यासाठी काम उरले आहे का? ते नाशिकला मिळेल का? आणि एक एजन्सी या प्रकल्पाचे पेटंट काढून देते म्हणून बरीच मोठी रक्कम मागते आहे, ती भरावी का?”

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपण बागेत वापरता त्या उपकरणापासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या मुलीच्या विषयाचा गाभा त्यातच आहे. तोडणीच्या आधी व्यापारी एक मणी चुरून त्याच्या रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या तिरक्या काचेवर टाकतो, झाकण मिटतो आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावतो. आत निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात ती रेघ ज्या आकड्यावर येते, तो आकडा म्हणजे ब्रिक्स, रसातल्या साखरेची साधारण टक्केवारी. ती रेघ कुठे पडावी हे क्रांतिक कोन ठरवतो, म्हणजे ज्याच्या पलीकडे प्रकाश बाहेर न पडता पूर्णपणे आतच परततो तो कोन. पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याचा आकडा) १.३३३ आहे आणि वीस टक्के साखरेच्या द्रावणाचा सुमारे १.३६४; एवढ्याशा फरकाने कोन सरकतो, कोनाबरोबर रेघ सरकते आणि त्या रेघेवर आपला सौदा अडतो किंवा जमतो.

ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश कोंडून राहतो तो याच नियमाने: आतली काच जास्त अपवर्तनांकाची, बाहेरची कमी, आणि त्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तन. हाच फायबर काचेच्या किंवा सिलिकॉनच्या सपाट चकतीवर कोरला की त्याला वेव्हगाइड म्हणतात. सिलिकॉनचा वेव्हगाइड साधारण ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर उंच असतो. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत असे शंभराहून अधिक मावतील. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ३.४८ आणि भोवतीच्या सिलिका या काचेचा सुमारे १.४४, हा फरक इतका मोठा आहे की प्रकाश पाच मायक्रोमीटर त्रिज्येच्या वळणावरूनही फारसा न सांडता वळतो. म्हणूनच ज्या मांडणीला एकेकाळी प्रयोगशाळेतले भलेमोठे टेबल लागे, ती आता नखाएवढ्या चिपवर बसते.

आपल्या मुलीच्या प्रकल्पाला या चिपशी जोडणारी गोष्ट अशी आहे. वेव्हगाइडमधला सगळाच प्रकाश आत नसतो. त्याचा काही अंश भिंतीबाहेर शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असतो आणि भिंतीला जे चिकटले असेल, मग तो द्राक्षरस असो वा रक्तातले प्रथिन, त्याची त्याला चाहूल लागते. तिने फायबरचे आवरण सोलले ते हा बाहेरचा प्रकाश उघडा करण्यासाठीच. आपण काय केले हे तिने नेमके या शब्दांत सांगितले नसले, तरी हाताने ते बरोबर केले आहे.

आता एक रचना पाहा. लुडविग झेंडर आणि लुडविग माख यांनी १८९१-९२ मध्ये मांडलेल्या व्यतिकरणमापीत प्रकाशाचे दोन भाग करून, ते दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणतात. दोन्ही वाटांनी आलेल्या लाटा जुळल्या तर उजेड, उलट पडल्या तर अंधार. ही रचना लिथियम नायोबेट या विद्युत दाबाने अपवर्तनांक बदलणाऱ्या स्फटिकाच्या चिपवर उतरवून एका वाटेला दाब दिला, की प्रकाश हवा तेव्हा चालू-बंद होतो आणि दूरसंचाराचा मॉड्युलेटर तयार होतो. तीच रचना घेऊन एक वाट रसाला उघडी ठेवली आणि दुसरी झाकून टाकली, की ती संवेदक होते. पहिल्यात बदल आपण घडवतो आणि दुसऱ्यात पदार्थ घडवतो, बाकी गणित एकच. त्यामुळे दूरसंचारासाठी लागलेला शोध पुष्कळदा संवेदनाच्या कामी येतो, आणि या शाखेत शिकलेली व्यक्ती एका उद्योगाची मंदी आली म्हणून बेकार होत नाही, असे माझे मत आहे.

शोध लागून गेले का, या प्रश्नाचे उत्तर कालक्रम पाहिला की मिळते. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की काचेतली अशुद्धी काढली तर प्रकाश दूरवर नेता येईल. काओ यांना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळाले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट मिलर यांनी ‘इंटिग्रेटेड ऑप्टिक्स’ ही कल्पना नावासह मांडली. रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये सिलिकॉनमधील विद्युतभार कमी-जास्त करून त्याचा अपवर्तनांक किती बदलतो याचा हिशेब दिला, आणि १९८८ मध्ये नेदरलँड्समधील मैंट स्मित यांनी एका फायबरमधून आलेले अनेक रंग चिपवरच वेगळे करणारी, क्रमाने वाढत्या लांबीच्या वेव्हगाइडांची रचना सुचवली. पण सिलिकॉनचा मॉड्युलेटर एक गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला अब्ज आवर्तनांच्या) वर चालवून दाखवायला २००४ साल उजाडावे लागले. कागदावरचा हिशेब आणि चालणारी वस्तू यांत सतरा वर्षे गेली. मधल्या काळात जे झाले त्याला वर्तमानपत्रांत मथळे मिळाले नाहीत, तरी खरे शोधकार्य तेच होते.

आजही अडचणी ढिगाने आहेत. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, म्हणून इंडियम फॉस्फाइडसारख्या दुसऱ्या पदार्थाचा लेसर त्यावर जोडावा लागतो. फायबरमधला प्रकाशाचा ठिपका दहा मायक्रोमीटरच्या आसपास आणि चिपवरची वाट अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे पाटाचे पाणी ठिबकच्या नळीत घालण्यासारखे आहे. या सांध्यावर किती प्रकाश वाया जातो, यावर अनेक उपकरणांचे भवितव्य ठरते. शिवाय तापमान. चिपवरचे सिलिकॉनचे वर्तुळाकार वेव्हगाइड ठरावीक तरंगलांबीचा प्रकाशच धरून ठेवते, पण तापमान एका अंशाने चढले की ती तरंगलांबी सुमारे ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटरने सरकते. दूरसंचारात शेजारच्या दोन वाहिन्यांमधले अंतर बऱ्याचदा ०.८ नॅनोमीटर असते; म्हणजे दहा अंश तापमान वाढले की एकाचा संदेश दुसऱ्याच्या दारात. दूरसंचारवाल्याला हा उपद्रव वाटतो, तर तापमान मोजणाऱ्याला तोच संदेश वाटतो. अशा एखाद्या हट्टी अडचणीशी चार-पाच वर्षे झुंजण्याची तयारी असलेल्यांसाठी काम भरपूर उरले आहे.

ते काम नाशिकमध्ये मिळेल, असे मात्र मी सांगणार नाही. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत विद्युत व वाहन उद्योगांची परंपरा आहे, ओझरला विमाने बनतात, पण वेव्हगाइडची चिप आखण्याची नोकरी घराजवळ मिळेल या आशेवर हा मार्ग घेऊ नये. ऑप्टिकल फायबरचे उत्पादन छत्रपती संभाजीनगरला होते, तेवढेच काय ते जवळ. चिपचे संशोधन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नॅनो विज्ञान केंद्रात आणि आयआयटी मद्रासमध्ये चालते. काच आणि फायबर यांसाठी कोलकात्याची सीजीसीआरआय (केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था) ही जुनी संस्था आहे. भारतातील नोकऱ्यांत चिपची आखणी, चाचणी आणि जोडणी हीच कामे मुख्य असतात, आणि त्यांची संख्या सॉफ्टवेअरच्या तुलनेत फारच थोडी आहे. नातेवाईक चुकीचे बोलत आहेत असे म्हणता येणार नाही. त्यांचा हिशेब नोकऱ्यांच्या संख्येचा आहे आणि मुलीचा आवडीचा. दोन्ही हिशेब मांडूनच आपण निर्णय घ्यावा. शिवाय या क्षेत्रात पायथनसारखी संगणकभाषा रोजच लागते, त्यामुळे पुढे वाट बदलावीशी वाटली तरी हात रिकामे राहणार नाहीत.

केवळ पदवीवर या क्षेत्रातले खरे काम मिळणे कठीण आहे, म्हणून एम.टेक. किंवा संशोधनाधारित एम.एस. धरूनच योजना करावी. आयआयटी दिल्लीत ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स आणि ऑप्टिकल कम्युनिकेशनचे एम.टेक. आहे, कोचीन विद्यापीठाच्या फोटोनिक्स विभागातही या विषयाचे शिक्षण मिळते. एम.टेक. प्रवेशासाठी फेब्रुवारीत होणाऱ्या गेट परीक्षेला तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसता येते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य राहतात, तेव्हा पहिला प्रयत्न सराव म्हणून याच वर्षी करावा. पीएच.डी.पर्यंत गेल्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे; घरावर भार पडणार नाही, पण पाच-सहा वर्षे जातील, याचीही नोंद घ्यावी. कोणत्याही खासगी संस्थेचा ‘फोटोनिक्स तज्ज्ञ’ करणारा सहा महिन्यांचा महागडा अभ्यासक्रम घेऊ नये. त्यापेक्षा मॅक्सवेलची (विद्युतचुंबकीय लाटांची) समीकरणे आणि तरंगांचे गणित तिसऱ्या वर्षातच पक्के करावे, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानमालेतील फायबर व इंटिग्रेटेड ऑप्टिक्सची व्याख्याने ऐकावीत, आणि अमेरिकेतील एमआयटीत तयार झालेल्या, प्रकाशाची वाटचाल संगणकावर दाखवणाऱ्या ‘मीप’ या मोफत प्रणालीवर एक साधे वळण, एक दुभाजक आणि एक वर्तुळ स्वतः आखून त्यांतला प्रकाश किती सांडतो ते मोजावे. याला घरचा संगणक पुरतो.

आता पेटंट. एजन्सीला एक रुपयाही देण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. शोध नवा असावा, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्यासारखा नसावा आणि उद्योगात वापरता येण्याजोगा असावा, अशी १९७० च्या पेटंट कायद्याची अपेक्षा आहे. आवरण सोललेल्या, वाकवलेल्या फायबरने द्रावणाचा अपवर्तनांक मोजणे ही प्रयोगशाळांत फार पूर्वीपासून परिचित असलेली पद्धत आहे. दुसरे असे की अर्ज करण्यापूर्वीच प्रकल्प प्रदर्शनात सर्वांसमोर मांडला गेला, त्यामुळे नावीन्याचा दावा बहुधा तिथेच संपला. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क १,६०० रुपये असते. त्यापुढची रक्कम कशासाठी, हे एजन्सीने लेखी सांगावे आणि तिने जुन्या पेटंटांचा शोध घेतला आहे का, हेही विचारावे. पुढे काही खरोखर नवे सुचले, तर आधी तात्पुरता अर्ज करावा, मग बारा महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील द्यावा, आणि प्रदर्शन त्या अर्जानंतर.

पेटंटांकडे कमाई म्हणून पाहण्याआधी तिने ती पाठ्यपुस्तकासारखी वाचावीत, अशी माझी शिफारस आहे. ती इंटरनेटवर फुकट वाचता येतात, संरक्षणाची मुदत अर्जापासून वीस वर्षांची असल्याने पहिल्या पिढीतल्या बहुतेक रचना आता सर्वांना खुल्या आहेत, आणि कोणती अडचण कोणत्या युक्तीने सोडवली हे शोधनिबंधांपेक्षा त्यांत अधिक रोखठोक सांगितलेले असते. तिला हे वाचन मनापासून आवडले, तर विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर पेटंट एजंटची परीक्षा देता येते, आणि ते काम तुलनेने घरून करता येण्याजोगे आहे.

येत्या हंगामात एक गोष्ट आपल्याच बागेत करून पाहावी. रिफ्रॅक्टोमीटर २० अंश सेल्सिअसला जुळवलेले असते आणि त्या पातळीच्या वर दहा अंश तापमान गेले की तापमान-दुरुस्ती नसलेले उपकरण सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दाखवते. तिने एकाच रसाची मोजणी पहाटेच्या गारठ्यात आणि दुपारी दोन वाजता, रिफ्रॅक्टोमीटर आणि स्वतःचा फायबर या दोन्हींनी, शेजारी थर्मामीटर ठेवून सलग पंधरा दिवस करावी, आणि फायबरच्या आकड्यांतून तापमानाचा भाग वजा कसा करायचा याची रीत स्वतः शोधावी. ती वही घेऊन आपण दोघे माझ्याकडे या. प्रवेशाचे अर्ज त्यानंतर भरू.